मातीचा ब्लॉक: ताकद कशी मोजायची आणि पैसे खरंच वाचतात का?

यंत्रात दाबलेले मातीचे ब्लॉक हा माझ्या संशोधनाचा विषय आहे असं सांगितलं की समोरून ठरलेले दोन प्रश्न येतात. ‘पावसात विरघळणार नाही का?’ आणि ‘विटेपेक्षा स्वस्त पडतं का?’ पहिला प्रश्न गुणवत्तेचा, दुसरा खर्चाचा. विचारणारे ते वेगवेगळे समजून विचारतात आणि उत्तर देणारेही बहुतेक वेळा वेगवेगळंच उत्तर देतात. प्रयोगशाळेचा अहवाल एका फाइलीत, अंदाजपत्रक दुसऱ्या फाइलीत. माझं म्हणणं असं आहे की हा एकच प्रश्न आहे. तुमचा ब्लॉक पाण्याच्या परीक्षेत पास झाला की नाही, यावरच पैसे वाचणार की बुडणार हे ठरतं. कसं, ते आकड्यांनिशी बघू.

आधी थोडक्यात, ही वस्तू काय आहे. चाळलेली माती, गरज असेल तर वाळू किंवा क्रशरची कच, ५ ते १० टक्के सिमेंट आणि जेमतेम ओलावा. हे मिश्रण लोखंडी साच्यात भरून दाबायचं, बाहेर काढायचं, सावलीत ठेवून तीन-चार आठवडे पाणी मारायचं. भट्टी नाही, जळण नाही. या कामासाठीचं हाताने चालवायचं पहिलं गाजलेलं यंत्र म्हणजे ‘सिनव्हा-राम’. १९५० च्या दशकात कोलंबियातल्या बोगोटा इथल्या गृहनिर्माण केंद्रात राउल रामिरेझ या चिलीच्या अभियंत्याने ते तयार केलं. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा गट सुरू झाला. तिथे के. एस. जगदीश, बी. व्ही. वेंकटराम रेड्डी यांच्यासारख्यांनी या ब्लॉकवर अनेक वर्षं काम केलं. ऑरोव्हिलच्या अर्थ इन्स्टिट्यूटचं ‘ऑरम ३०००’ हे हाताने चालणारं यंत्र साधारण १५ टनांचा दाब देतं. म्हणजे विषय नवा नाही. दक्षिणेत या ब्लॉकची दुमजली-तिमजली घरं उभी आहेत.

तरी आपल्या भागात हे ब्लॉक वापरून बघणाऱ्यांपैकी काहींचा अनुभव चांगला नसतो. कोपरे झडतात, खालचे थर पावसात पिठासारखे होतात, आणि मग ‘मातीचं ते मातीचंच’ म्हणून विषय संपतो. यंत्र तेच, सिमेंट तेच. मग बदललं काय?

माती

आपल्या गावांमध्ये जमिनीचे जुने दोन भाग: काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. भिंतीला माती पांढरीतली घ्यायची, काळीतली नाही, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. आपल्या गढ्या उभ्या राहिल्या त्या पांढऱ्या मातीवर. याचं कारण खनिजात आहे. काळ्या मातीतल्या चिकणमातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि माती फुगते, पाणी गेलं की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. अशा मातीचा ब्लॉक करून भिंतीत बसवला तर तोही तेच करणार, फक्त शेताऐवजी तुमच्या भिंतीत. त्यात ५-७ टक्के सिमेंट घालून हे फुगणं-आकसणं थांबत नाही. काळ्या मातीला चुना लागतो, आणि चुन्याचं काम सावकाश चालतं. लाल मातीतलं मुख्य खनिज केओलिनाइट. ते असं फुगत नाही, म्हणून तिथे सिमेंटचं जमतं.

सिमेंट घालायच्या ब्लॉकला कशी माती हवी? वाळूचा भाग ६५ टक्क्यांच्या वर आणि चिकणमाती १० ते १५ टक्के असेल तर उत्तम. वाळू हाडांचं काम करते, सिमेंट वाळूच्या कणांना जोडतं, आणि चिकणमाती ताज्या ब्लॉकला साच्यातून बाहेर काढताना धरून ठेवते. चिकणमाती फार झाली तर सिमेंटच्या कणांना वाळूपर्यंत पोचूच देत नाही. दख्खनच्या बहुतेक मातीत वाळू कमी पडते, म्हणून कच मिसळावी लागते. पांढरी मातीसुद्धा यातून आपोआप सुटत नाही. तिच्यात बरेचदा बारीक गाळ जास्त असतो. वरची वीतभर माती मात्र कुठलीही असली तरी बाजूला काढायची. तिच्यातला कुजलेला पालापाचोळा सिमेंटला नीट घट्ट होऊ देत नाही, आणि तशीही ती शेतालाच शोभते.

हे तपासायला प्रयोगशाळा लागतेच असं नाही. लोणच्याची काचेची उंच बरणी घ्या. पाव बरणी माती, वर पाणी, चिमूटभर मीठ. दणकून हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते, गाळ पुढच्या तासाभरात, आणि चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत वरून उतरत राहते. थर पट्टीने मोजा. चिकणमातीचा थर पाण्याने फुगलेला असतो, त्यामुळे तो आहे त्यापेक्षा जाड दिसतो एवढं लक्षात ठेवा.

दुसरी परीक्षा मला बरणीपेक्षा जास्त भरवशाची वाटते. ६० सेंटिमीटर लांब, ४ रुंद आणि ४ खोल अशी लाकडी पेटी सुताराकडून करून घ्या. आतून तेल लावा, ओली माती ठासून भरा, सावलीत पूर्ण वाळू द्या. मग सगळी वाळलेली माती एका टोकाला सरकवून दुसऱ्या टोकाची फट मोजा. बरणी सांगते मातीत काय किती आहे. पेटी सांगते ती माती वागणार कशी. सारख्याच प्रमाणात चिकणमाती असलेल्या दोन माती पेटीत अगदी वेगळ्या वागू शकतात, कारण एकीत केओलिनाइट आणि दुसरीत माँटमोरिलोनाइट. फट मोठी आली तर कच वाढवून पेटी पुन्हा भरायची. या दोन परीक्षांना मिळून शंभर-दोनशे रुपयेही लागत नाहीत. पुढचे सगळे हजारांतले आकडे मात्र यांच्यावर अवलंबून आहेत.

यंत्रापेक्षा वजनकाटा महत्त्वाचा

दाबयंत्रं दोन प्रकारची असतात, आणि विकणारे हा फरक सहसा सांगत नाहीत. एका प्रकारात दट्ट्या ठरलेल्या अंतरापर्यंतच जातो. ब्लॉकची उंची कायम, दाब मात्र तुम्ही माती किती भरली त्यावर. हाताने चालणारी बहुतेक यंत्रं अशी. दुसऱ्या प्रकारात दाब ठरलेला असतो आणि उंची बदलते. हायड्रॉलिक यंत्रांपैकी बरीच अशी.

पहिल्या प्रकारात माणूस घमेल्याने अंदाजे माती टाकतो आणि सगळा खेळ तिथेच होतो. हिशेब बघा. २३० × १९० × १०० मिलिमीटरचा ब्लॉक घेऊ. त्याचं आकारमान ४,३७० घनसेंटिमीटर. घनसेंटिमीटरला १.८ ग्रॅम कोरडी घनता हवी असेल तर ब्लॉकमध्ये कोरडा माल ७.८७ किलो बसायला हवा. मिश्रणात ११ टक्के ओलावा धरला तर साच्यात दर वेळी सुमारे ८.७ किलो ओला माल पडला पाहिजे. दुपारी उन्हात हात थकले आणि ८ किलोच पडला, तर घनता १.६५ वर येते. बाहेरून दोन्ही ब्लॉक जुळे भाऊ. उंची तीच, रंग तोच. पण घनता घसरते त्याहून कितीतरी वेगाने ताकद घसरते, आणि पाणी शिरायला आत जागा वाढते. म्हणून यंत्राशेजारी काटा ठेवून प्रत्येक घमेलं मोजून टाकणं हा गुणवत्तेचा सगळ्यात स्वस्त उपाय. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात चूक लपत नाही. माल कमी पडला तर ब्लॉक बुटका येतो आणि गवंडीच पहिल्यांदा बोंब मारतो.

आणखी एक. सिमेंट घालून पाणी शिंपडलं की घड्याळ सुरू होतं. सकाळी एकदाच मोठा गारा करून ठेवला आणि जेवणानंतरही तोच वापरला, तर दुपारच्या ब्लॉकमधलं सिमेंट साच्यात जायच्या आधीच निम्मं घट्ट झालेलं असतं. अर्ध्या तासात संपेल एवढंच मिश्रण कालवायचं. यासाठी एक माणूस वाढवावा लागला तरी तो परवडतो.

ताकदीचा आकडा वाचायचा कसा

आता प्रयोगशाळेत. ब्लॉक दाबयंत्राखाली ठेवायचा, फुटेपर्यंत भार वाढवायचा, आणि भाराला क्षेत्रफळाने भागायचं. उत्तर मेगापास्कलमध्ये येतं. १ मेगापास्कल म्हणजे ढोबळमानाने दर चौरस सेंटिमीटरवर १० किलो. आपल्याकडचं मानक आयएस १७२५. त्याच्या १९८२ च्या आवृत्तीत दोन वर्ग होते, वर्ग २० आणि वर्ग ३०, म्हणजे साधारण २ आणि ३ मेगापास्कल. २०१३ मध्ये ते सुधारण्यात आलं.

विक्रेत्याने ‘आमचा ब्लॉक ५ मेगापास्कल’ असं सांगितलं, तर पहिला प्रश्न विचारायचा: कोरडा की भिजवलेला? वाळलेली चिकणमाती स्वतःच फार कडक असते. सिमेंटचा कण नसलेला, नुसता दाबून वाळवलेला ब्लॉकही यंत्राखाली चांगला आकडा देऊन जातो, आणि बादलीत टाकला की तासाभरात चिखल. ब्लॉक २४ तास पाण्यात बुडवून, बाहेर काढून, ओलाच दाबायचा. तो आकडा खरा, कारण तो सिमेंटचा आहे. सिमेंटच्या ब्लॉकमध्येही ओली ताकद कोरडीच्या निम्म्याच्या आसपास येणं नेहमीचं आहे. तेव्हा कोरड्या ५ चा अर्थ ओले अडीच असू शकतो.

दुसरी गोष्ट थोडी तांत्रिक आहे, पण गंमतीची. बुटक्या वस्तूला दाबलं की यंत्राच्या वरच्या-खालच्या पोलादी पाट्या घर्षणाने तिला बाजूला पसरू देत नाहीत. म्हणून बुटका नमुना उंच नमुन्यापेक्षा ताकदवान ‘दिसतो’. या कृत्रिम वाढीसाठी क्रेफेल्ड नावाच्या संशोधकाचे गुणक वापरतात. उंची जाडीच्या ०.४ पट असेल तर आकड्याला ०.५ ने गुणायचं, बरोबरीची असेल तर ०.७ ने, आणि पाच पट किंवा जास्त असेल तरच आकडा जसाच्या तसा धरायचा. आपला ब्लॉक १०० उंच आणि १९० रुंद, म्हणजे गुणोत्तर ०.५३. गुणक येतो ०.५४ च्या जवळपास. मानकातली मर्यादा बिनगुणकाच्या आकड्यासाठी असते, त्यामुळे पास-नापास ठरवताना हे करायची गरज नाही. पण एका आकाराच्या ब्लॉकची दुसऱ्या आकाराच्या ब्लॉकशी किंवा काँक्रीटच्या ठोकळ्याशी तुलना करताना हा भेद विसरला तर तुलना फसवी होते. जाहिरातींमध्ये तो हमखास विसरला जातो.

तिसरी गोष्ट म्हणजे नमुने. तपासायचे ब्लॉक तुम्ही निवडा, विकणाऱ्याने नाही. थरातल्या वेगवेगळ्या जागचे, सकाळचे आणि दुपारचे. आणि सरासरीबरोबर सगळ्यात कमी आकडाही मागा. समजा दोन ढिगांची सरासरी ३.५ आली. एकातले ब्लॉक ३.२ ते ३.८ च्या दरम्यान, दुसऱ्यातले १.८ ते ५.२ च्या. कागदावर दोन्ही सारखे. दुसऱ्या ढिगाशेजारी वजनकाटा नव्हता, एवढं मी न बघता सांगेन.

प्रयोगशाळा लांब असेल तर शेतावरची परीक्षा अशी. ब्लॉक १८ सेंटिमीटर अंतरावरच्या दोन सळयांवर ठेवा, मधोमध तिसरी सळई, आणि लांब दांडीच्या तरफेने तिच्यावर भार. तरफ चारपट असेल आणि टोकाला ५० किलोचं सिमेंटचं पोतं टांगलं तर मध्यावर २०० किलो येतात, म्हणजे वाकवण्याचा ताण सुमारे ०.२८ मेगापास्कल. यावरून दाबताकदीचा नेमका आकडा काढायला जाऊ नका. पण प्रयोगशाळेत पास झालेल्या ढिगातले पाच-सहा ब्लॉक या दांडीखाली कधी मोडतात हे एकदा बघून ठेवलं, की रोजच्या ब्लॉकची रोज तपासणी करता येते.

मग भिंतीला मुळात किती ताकद लागते? एकमजली घर, दोन्ही बाजूंना तीन मीटर गाळ्याचा १२ सेंटिमीटर स्लॅब, मध्ये तीन मीटर उंच आणि १९ सेंटिमीटर जाड भिंत. स्लॅब, त्यावरचा कोबा, माणसं-सामान आणि भिंतीचं स्वतःचं वजन धरून तळाशी दर मीटरला साधारण २७ किलोन्यूटन भार येतो. ताण होतो सुमारे ०.१५ मेगापास्कल. आपण ३ च्या ब्लॉकसाठी भांडतोय! मधल्या वीसपटीतला बराच भाग दर्जाचा माल, भिंतीची सडपातळ उंची आणि सुरक्षिततेचा गुणक खाऊन टाकतात, हे खरं. तरीही अशा घराची भिंत नुसत्या वजनाखाली चिरडली जाण्याचा धोका फार थोडा. तिचे शत्रू दोन: पाणी आणि भूकंप.

भूकंपाबद्दल दोनच वाक्यं, कारण किल्लारीचं नाव निघाल्याशिवाय मराठवाड्यात मातीच्या घराची चर्चा संपत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जी घरं पडली त्यांतली बहुतेक जाड दगडी भिंतींची, मातीत बांधलेली, वर मातीच्या माळवदाचं प्रचंड वजन असलेली होती. दाबलेल्या ब्लॉकची भिंत वेगळी असते, पण जोत्यावर, खिडक्या-दारांवर आणि छताखाली सलग काँक्रीटचे पट्टे आणि कोपऱ्यांत उभ्या सळया तिलाही हव्यातच. हा खर्च विटेच्या घरालाही तेवढाच येतो.

पाणी

पाण्याच्या परीक्षा तीन. पहिली, शोषण. कोरडा ब्लॉक तोला, २४ तास बुडवा, पुन्हा तोला. ७.९ किलोचा ब्लॉक ९ किलो झाला तर शोषण १४ टक्के. १९८२ च्या मानकात मर्यादा १५ टक्के होती. भाजलेल्या साध्या विटेला २० टक्के चालतात, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. दुसरी, झोत. शॉवरसारख्या तोटीतून ठरलेल्या दाबाने दोन तास ब्लॉकवर पाणी मारायचं आणि पृष्ठभाग किती झिजला ते बघायचं. तिसरी, भिजवणं-वाळवणं. बारा फेऱ्या करायच्या, दर वेळी तारेच्या ब्रशने घासायचं आणि शेवटी वजन किती घटलं ते काढायचं. ही कंटाळवाणी परीक्षा कुणालाच आवडत नाही, पण भिंतीची पुढची दहा-वीस वर्षं तीच दाखवते. आपल्याकडचा पाऊस सलग भिजवत नाही. भिजवतो, ऊन पडतं, पुन्हा भिजवतो.

या परीक्षांत ब्लॉक नापास होतो तो बहुतेक वेळा सिमेंट कमी पडलं म्हणून नाही. माती चुकीची, भरणी हलकी किंवा पाणी मारलं नाही, या तिनांपैकी एक कारण असतं. लोक उपाय मात्र एकच करतात: ‘अजून एक पोतं टाका.’ आता त्या पोत्याचा हिशेब.

पैसे

खालचे दर मी गणितासाठी धरले आहेत. तुमच्या गावचे दर घालून पुन्हा करा, पद्धत तीच. खर्च कधीही ब्लॉकमागे मोजायचा नाही, भिंतीच्या चौरस मीटरमागे मोजायचा. ब्लॉक वीस रुपयांचा आणि वीट आठ रुपयांची म्हणून ब्लॉक महाग, हा घोटाळा इथेच होतो. नऊ इंची भिंतीला ९ × ४ × ३ इंचाच्या विटा चौरस मीटरला ९५ लागतात, १९ सेंटिमीटरच्या भिंतीला आपले ब्लॉक ३७. सांधे कमी, म्हणून जोडायचा मालही निम्म्याहून कमी लागतो: ०.०६१ घनमीटरऐवजी ०.०२८.

सिमेंट कोरड्या वजनाच्या ७ टक्के धरलं तर एका पोत्यात ९० ब्लॉक होतात. पोतं ४०० रुपये, म्हणजे ब्लॉकला ४.४५. सात माणसं, रोजचे ५०० रुपये, दिवसाला ४०० ब्लॉक: मजुरी ८.७५. तीस टक्के कच मिसळली तर १.७०. माती आणणं-चाळणं १ रुपया, प्लास्टिक-गोणपाट-पाणी १ रुपया, यंत्राचा वाटा २ रुपये. एकूण १८.९०, आणि पाच टक्के तूटफूट धरून २० च्या आत-बाहेर. चौरस मीटरला ब्लॉकचे ७४०, मालाचे ९०, मिळून ८३०. विटेचे ७६० आणि मालाचे १९५, मिळून ९५५. बचत १२५ रुपये.

आता एकेक आकडा हलवून बघा. सिमेंट ‘असू दे जरा जास्त’ म्हणत १० टक्के केलं, तर बचत १२५ वरून साठच्या खाली येते. तूटफूट पाचऐवजी पंधरा टक्के झाली तर ती चाळीसच्या आसपास उरते. आणि दिवसाला ४०० ऐवजी २५० च ब्लॉक पडले, तर भिंत १,०३० रुपयांना जाते, म्हणजे विटेपेक्षा पंच्याहत्तरने महाग. लोक सिमेंटवर वाद घालतात, पण सगळ्यात मोठा आकडा मजुरीचा आहे. चाळलेली माती यंत्राजवळ तयार नसणं, कच वेळेवर न येणं, रोज नवी माणसं येणं, यांतच बचत संपते.

आणि यंत्र. २ रुपयांचा वाटा मी एक लाखाचं यंत्र ५० हजार ब्लॉक पाडेल असं धरून काढला. एका घराला किती ब्लॉक लागतात? प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. पाच बाय पाचची बाहेरची भिंत आणि मध्ये एक आडभिंत, दारं-खिडक्या वजा करून ६३ चौरस मीटर भिंत. ब्लॉक लागले २,३३०. एका घरासाठी यंत्र विकत घेतलं तर नुसत्या यंत्राचेच ब्लॉकमागे ४३ रुपये! ५० हजार ब्लॉक म्हणजे एकवीस घरं. तेव्हा एकट्याने यंत्र घेण्याच्या भानगडीत पडू नका. बचत गट, ग्रामपंचायत किंवा भाड्याने देणारा कुणी असेल तरच हे गणित जुळतं.

याच घरकुलावर पुढे जाऊ. सपाट भागात अनुदान १ लाख २० हजार. आपल्या हिशेबाने भिंतीतली बचत ६३ गुणिले १२५, साधारण ७,९०० रुपये. वाईट नाही, पण यासाठी एवढा खटाटोप कुणी करेल का, हा प्रश्न रास्त आहे. खरी रक्कम दुसरीकडे आहे. बाहेरच्या बाजूची भिंत साधारण ५२ चौरस मीटर. तिला गिलावा चौरस मीटरला २५० रुपये धरला तर १३,००० होतात. आपल्याकडच्या गावठी विटेला हा गिलावा टाळता येत नाही. दाबलेल्या ब्लॉकची कड सरळ, माप एकसारखं, त्यामुळे दर्जा भरून भिंत उघडी ठेवता येते. पण कधी? झोताची आणि बारा फेऱ्यांची परीक्षा पास झालेली असेल तेव्हाच. नापास ब्लॉकला गिलावा करावाच लागतो, आणि झडणाऱ्या पृष्ठभागावर तोही धड टिकत नाही. म्हणजे पास ब्लॉक घरामागे २१ हजारांच्या आसपास वाचवतो, नापास ब्लॉक जेमतेम काही हजार, आणि तेही दुरुस्तीत जातात. सुरुवातीला म्हटलं ते हे.

पास ब्लॉकलाही जोतं जमिनीपासून दीड-दोन फूट वर आणि छताची वळचण हातभर बाहेर हवी. पागोळ्यांचं पाणी खाली आपटून भिंतीच्या पायाशी उडतं, ते कुठल्याच परीक्षेत मोजलं जात नाही.

कोकणातल्या वाचकांसाठी वेगळं सांगायला हवं. तुमच्याकडची जांभ्याची माती ब्लॉकला फार चांगली, पण शेजारच्या खाणीतला चिराच स्वस्त मिळत असेल तर हा सगळा हिशेब उलटतो. तिथे मी तरी चिराच घेईन.

पर्यावरणाचं गणित अनुदानाच्या हिशेबात येत नाही, तरी ते नोंदवतो. वेंकटराम रेड्डी आणि जगदीश यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार विटेच्या एक घनमीटर बांधकामात २,१४१ मेगाज्यूल ऊर्जा खर्च होते. ६ टक्के सिमेंटच्या मातीच्या ब्लॉकच्या बांधकामात ६४६, आणि ८ टक्क्यांच्या ब्लॉकमध्ये ८१०. दोन टक्के सिमेंटने केवढा फरक पडतो ते इथेही दिसतं.

आता वेळापत्रक, कारण हीच गोष्ट लोक शेवटी विचारतात आणि ती आधी विचारायला हवी. बरणी आणि पेटीला एक आठवडा. दोन-तीन वेगळ्या मिश्रणांचे चाचणीचे ब्लॉक पाडून २८ दिवस पाणी. प्रयोगशाळेला एक आठवडा. मग खरे ब्लॉक पाडायला सहा दिवस आणि पुन्हा २८ दिवस पाणी, गोणपाटाखाली, सावलीत. संक्रांतीला भिंतीचा पहिला थर लावायचा असेल तर माती दसऱ्याच्या आसपास बरणीत पडायला हवी. फक्त त्या दिवसांत पावसाने माती अजून ओली असते आणि ढेकळं चाळणीतून जात नाहीत, तेव्हा १२ टन माती उन्हाळ्यातच खणून पत्र्याखाली टाकून ठेवलेली बरी.